पगाराचा आकडा आणि हाती येणारी रक्कम
(इंदूर येथे मराठी पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वेतनाची वाटाघाट इंदूरला नवी नाही. येथील कापड गिरण्यांत ती कामगार संघटना आणि मालक यांच्यात होत असे. १९९१ साली हुकूमचंद मिल बंद पडली व कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न सुटण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. पण तो लढा हजारोंनी एकत्र दिला. आज सुपर कॉरिडॉरवर टाटा कन्सल्टन्सी व इन्फोसिसची संकुले उभी आहेत. या संगणक व्यवसायात मात्र उमेदवार वाटाघाटीला एकटाच बसतो, आणि शेजारच्या सहकाऱ्याचा पगार त्याला ठाऊक नसतो.

त्यामुळे एकाच कामाचे दोन दर सहज पडतात. महाविद्यालयातून थेट निवडलेल्यांना ठरीव वेतन मिळते. मोठ्या कंपन्यांत ते दशकभर वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळले. बाहेरून आलेल्याला बहुधा जुन्या पगारावर काही टक्के वाढवून मिळतात. म्हणजे पहिली नोकरी स्वस्तात पत्करली, की तो कमीपणा पुढेही सोबत येतो. मुलांच्या संगोपनासाठी नोकरी सोडून परतणाऱ्या स्त्रियांना त्याची झळ अधिक लागते. हा प्रघात मला न्याय्य वाटत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने उमेदवाराला जुना पगार विचारण्यास २०१८ पासून मनाई केली. युरोपीय संघाने २०२३ साली तसाच निर्देश काढला. आपल्याकडे अशी मनाई नाही. समान कामाला स्त्री-पुरुष भेदाविना समान वेतन हे तत्त्व मात्र १९७६ च्या अधिनियमापासून कायद्यात आहे व आता ते वेतन संहितेत समाविष्ट आहे.

आता पालकांसाठी थोडा हिशेब. नियुक्तिपत्रात वार्षिक सहा लाख लिहिले, म्हणून दरमहा पन्नास हजार घरी येतील असे समजू नये. समजा, त्यांतील ६०,००० रुपये कामगिरीवर अवलंबून आहेत आणि मूळ वेतन २५,००० आहे. मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा ३६,००० व उपदानाची तरतूद सुमारे १४,४०० रुपये, हेही त्याच सहा लाखांत मोजलेले असतात. पुढे स्वतःचा वाटा आणि व्यवसाय कर वजा जाता हाती साडेसदतीस हजारांच्या आसपास उरतात. विम्याचा हप्ता कापला तर आणखी कमी! निधीची रक्कम बुडत नाही हे खरे, पण घरभाडे तिच्यातून देता येत नाही.

म्हणून मुलाखतीत आधी त्या पदाची वेतनमर्यादा विचारावी. निश्चित किती व अनिश्चित किती, हे वेगळे लिहून मागावे. “आधी किती मिळत होते?” असा प्रश्न आल्यास खोटा आकडा मुळीच सांगू नये; पगारपत्रके तपासली जातात. “या कामाची माझी अपेक्षा इतकी आहे,” असे नम्रपणे सांगावे. पुण्याची नोकरी असेल तर तेथील भाडे आधी चौकशी करून पाहावे. तोंडी दिलेले “सहा महिन्यांनी वाढवू” हे आश्वासन नियुक्तिपत्रात उतरवून घ्यावे, आणि ते हाती आल्यावरच जुन्या नोकरीचा राजीनामा द्यावा.