मांडवांतील पराती

पाटण येथें लग्नाची पंगत बसली आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. हजार पानें उठावयाचीं असलीं तरी कोणी हजार पराती आणीत नाहीं. आचारी चारसहा पराती भरतो, वाढपी त्या रित्या करून परत देतात, आणि घासून त्याच पुन्हा भरल्या जातात. भ्रमणध्वनीवर कोयना धरणाचें चलच्चित्र पाहतांना यंत्राच्या पोटांत हाच व्यवहार चालू असतो.

१९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका चित्रास सामान्यतः ३१ लक्ष बाइट जागा लागते. सेकंदास ३० चित्रें धरल्यास हा आंकडा ९ कोटि ३३ लक्षांवर जातो. प्रत्येक वेळीं नवी जागा मागण्यांत वेळ दवडला जातो. म्हणून स्मृतींतील थोडेसेच कप्पे राखून ते फिरून फिरून वापरतात. या कप्प्यांस बफर म्हणतात.

परंतु रिता कप्पा कोणता, हें ठरविणें सोपें नव्हे. एकच चित्र पडद्यास दाखवावयाचें असतें आणि त्याच्याच आधारें पुढील चित्रही उलगडावयाचें असतें. पडद्याचें काम झालें म्हणून कप्पा भरावयास घेतला, तर पुढचें चित्र नासतें. यास्तव जीस्ट्रीमर, एफएफएमपेग इत्यादि प्रणालींत प्रत्येक कप्प्याची मोजणी ठेवतात. कप्पा घेणारा एक मिळवितो, सोडणारा एक वजा करतो. शून्य आल्यावरच कप्पा परत जातो. वजा करण्यास कोणी विसरला, तर कप्पे अडकून पडतात आणि अखेर चित्रच थांबतें.

दुसरा धोका न घासलेल्या परातीचा. इमेजमॅजिक या चित्रप्रणालींत एका प्रकारचें चित्र उलगडतांना स्मृति आधीं पुसली जात नसे. याहूच्या टपालसेवेंत ही प्रणाली वापरांत होती. अवघ्या १८ बाइटांचें सदोष चित्र स्वतःसच धाडून उघडलें असतां, परक्या लोकांच्या चित्रांचे अवशेष त्यांत उमटत. ख्रिस इव्हान्स या संशोधकानें मे २०१७ मध्यें ही गोष्ट प्रसिद्ध केली. याहूनें त्या प्रणालीचा वापरच सोडला.

पुसण्यास वेळ लागतो, म्हणून तें टाळण्याचा मोह कारागिरास होतो. पण कप्पा नव्या मजकुरानें पूर्ण भरला जाईल अशी खात्री नसेल, तेथें तो आधीं पुसलाच पाहिजे. वाचलेल्या क्षणाची किंमत अशा वेळीं दुसऱ्याच कोणाच्या तरी खाजगी जीवनास मोजावी लागते.