गिऱ्हाइकाच्या लक्षात काय राहतं?

जेवणं-भांडी आटोपून रेडिओजवळ बसला असाल. आज बोलूया आपल्या मालाच्या जाहिरातीबद्दल. जाहिरात म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम, असं वाटतं ना? पण बाजारात बसून आपण "ताई, चटणी बघा की" म्हणतो, तीही जाहिरातच.

आधी आमची फजिती सांगतो. आमचा बचत गट सोलापूरकडची शेंगाचटणी करतो. मागच्या दिवाळीत प्रदर्शनात स्टॉल मिळाला. आम्ही हजार पत्रकं छापली. त्यावर लिहिलं, "उत्कृष्ट दर्जा, उत्तम चव, माफक दर." पाच दिवसांत पत्रकं संपली आणि माल उरला. बावीस किलो चटणी परत घरी आली. दाणे कर्ज काढून भरले होते. हप्त्याची तारीख काही आपल्यासाठी थांबत नाही. शेवटच्या दिवशी स्टॉलपुढचा कचरा झाडला, तर त्यात आमचीच पत्रकं.

बैठकीत आम्ही एकमेकींना विचारलं, "शेजारच्या स्टॉलच्या पत्रकावर काय लिहिलं होतं, आठवतंय?" एकीलाही आठवेना. आपल्यासारखंच काहीतरी असणार! तेवढ्यात आमच्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, ती पापडवाली आठवते बघ. येईल त्याच्या कानाजवळ पापड मोडून दाखवायची."

तिथं आमचे डोळे उघडले. शब्द गेले, आवाज राहिला.

लिज्जत पापडाचंच बघा. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाल्या चार पुड्या. पुढं नाव ठरवायला त्यांनी स्पर्धा ठेवली, बक्षीस पाच रुपये! नाव मिळालं लिज्जत, म्हणजे चव. नंतर टीव्हीवर रामदास पाध्ये यांनी केलेला बाहुल्यांचा ससा आला. कुरकुरीत पापड आणि तो ससा, एवढंच. पण आपल्या पिढीला तो अजून आठवतो. आणि नुसत्या सशावर पापड खपला नाही हं. पीठ एका ठिकाणी मळून बायकांना लाटायला देतात, म्हणून चव सगळीकडे तीच लागते.

मग आम्ही विचार केला, आपल्या चटणीचं असं खरं काय आहे? आम्ही ती उखळात कुटतो. कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, लालभडक होते. ठरलं तर मग! पुडीवर, स्टॉलवर, फोनवर एकच बोल: "उखळात कुटलेली, मिक्सर न लावलेली." संक्रांतीच्या बाजारात आम्ही छोटं उखळच घेऊन गेलो. येणाऱ्याला म्हणायचो, "या वहिनी, दोन घाव तुम्हीही घाला." कुटलेली चटणी तिथंच भाकरीवर चाखायला द्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवरही फुलांची चित्रं बंद केली. वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला, त्यात नुसतं उखळ आणि मुसळाचा आवाज. लोक परत यायला लागले, "ती उखळाची चटणी द्या" म्हणत.

आता जरा अवघड गोष्ट सांगतो. लग्नसराईत मोठी ऑर्डर आली. हात दुखायला लागले, दिवस कमी पडले. एक घाणा आम्ही मिक्सरमधून काढला. म्हटलं, कुणाला कळतंय! आठवड्यानं एका काकूंचा फोन आला, "या खेपेला मिक्सर लावलात का गं?" काय बोलणार? कबूल केलं आणि तेवढ्या पुड्या बदलून दिल्या. नफ्यातले पैसे गेले, पण काकू अजून आमच्याकडूनच नेतात.

तेव्हा कळलं, लोकांच्या लक्षात राहील असं बोललो की ते पाळावंही लागतं. म्हणून जेवढं खरं, तेवढंच बोलावं. "खाल्ल्यानं शुगर बरी होते" असलं काही पुडीवर छापू नका. कुणी त्या भरवशावर गोळी बंद केली तर? आणि ते कायद्यातही बसत नाही.

आता तुमच्यासाठी काम. पुढच्या बैठकीत आपला माल मध्ये ठेवा. प्रत्येकीनं त्याबद्दल एकेक वाक्य सांगायचं आणि सचिवताईंनी ते लिहायचं. जे वाक्य दुसऱ्या गटाच्या पुडीवरही चालेल, ते खोडून टाका. "उत्तम", "दर्जेदार" आधी खोडले जातील. उरेल त्यातलं एक निवडा आणि घरातल्या पोराला एकदाच ऐकवा. दुसऱ्या दिवशी त्याला विचारा. त्यानं ते बरोबर सांगितलं, तर तीच तुमची जाहिरात समजा.

आणि वाक्य सापडलं की आम्हाला केंद्रावर नक्की कळवा. पुढच्या वेळी ते तुमच्याच आवाजात ऐकवू. येतो मैत्रिणींनो, नमस्कार!