इन्सुलिनचा साक्षीदार

तेलंगणातील निर्मल हे गाव लाकडी खेळण्यांकरिता प्रसिद्ध आहे. पोनिकी नावाच्या मऊ, हलक्या लाकडातून तेथील कारागीर पशुपक्षी व फळे घडवितात. घडलेली सारी खेळणी बाजारात गेली, तरी मागे पडलेल्या ढलप्यांवरून किती काम झाले याचा अंदाज जाणत्यास येतो. इन्सुलिन घडविताना मनुष्याच्या शरीरातही अशीच एक ढलपी उरते. तिचे नाव सी-पेप्टाइड.

स्वादुपिंडातील बीटा पेशी प्रथम प्रोइन्सुलिन हा 86 अमिनो आम्लांचा धागा तयार करतात. शिकागो विद्यापीठातील डोनाल्ड स्टायनर यांनी त्याचा शोध 1967 साली प्रसिद्ध केला. हा धागा तुटला म्हणजे 51 आम्लांचे इन्सुलिन निराळे होते, 31 आम्लांचे सी-पेप्टाइड उरते आणि सांध्यावरची चार आम्ले गळून पडतात. इन्सुलिनच्या प्रत्येक कणामागे सी-पेप्टाइडचा एक कण रक्तात येतो.

मग प्रत्यक्ष इन्सुलिनच का मोजू नये? त्यातील सुमारे निम्मे यकृतातच नाहीसे होते आणि उरलेलेही काही मिनिटांत ओसरते. सी-पेप्टाइड त्याहून पुष्कळ अधिक काळ टिकते. शिवाय टोचून घेण्याच्या इन्सुलिनमध्ये ते मुळीच नसते. त्यामुळे रोगी इंजेक्शन घेत असला, तरी त्याचे स्वतःचे स्वादुपिंड किती काम करते, हे त्यावरून कळते. प्रयोगशाळेत त्यालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने त्याची मोजणी होते.

या मोजणीचे मोल आपल्याकडे विशेष आहे. मधुमेह झालेला तरुण कृश दिसला, की त्याचे इन्सुलिन संपले असावे, असा तर्क सहज केला जातो. परंतु भारतीय मनुष्य बारीक दिसला, तरी त्याच्या शरीरात चरबी अधिक असू शकते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे. केवळ अंगकाठी पाहून निर्णय केल्यास एखाद्यास जन्मभर अनावश्यक सुई लागेल. उलट, जिच्यावाचून प्राण जातील ती सुई दुसऱ्यास नाकारली जाईल.

लिटरमागे 200 पिकोमोलहून कमी आकडा तीव्र उणीव दर्शवितो. मात्र रोगाच्या आरंभी तो फसवा असू शकतो, आणि मूत्रपिंडे दुर्बल असल्यास वाढलेला दिसतो. त्याच वेळची रक्तशर्कराही पाहावी लागते. म्हणून केवळ कागदावरील आकडा पाहून कोणी आपले इन्सुलिन थांबवू नये. साक्षीदार खरा असला, तरी त्याच्या साक्षीचा अर्थ वैद्यानेच लावावयाचा असतो.