ध्वनिमुद्रित सिंफनी आणि तिचे श्रोते

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या कार्यक्रमांत आन्तोन ब्रुकनर या ऑस्ट्रियन संगीतकारांची नववी सिंफनी आपण सर्वांनीं ध्वनिमुद्रणावरून ऐकली. सुमारें तासाभराचें तें वादन संपल्यावर कोणी धन्यता मानली, कोणी म्हणालें, "फार लांबलें", कोणास मध्येंच यंत्र बिघडलें असें वाटलें, आणि कित्येकांनीं विचारलें, "यांत एकहि शब्द नाहीं, मग ही प्रार्थना कशी?" या अभिप्रायांविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे.

ब्रुकनर १८२४ सालीं एका शाळामास्तरांच्या घरीं जन्मले. सेंट फ्लोरियन येथील मठांत ते ऑर्गन वाजवीत; आणि १८९६ सालीं देवाघरीं गेल्यावर तेथील मंदिरांत, त्याच ऑर्गनखालीं, त्यांच्या देहास विसांवा मिळाला. नववी सिंफनी त्यांनीं आपल्या "प्रिय देवास" अर्पण केली, अशी त्यांच्या वैद्यांची आठवण आहे. तिचे तीनच भाग पूर्ण झाले. चौथा अपुरा राहिला.

लांबीची तक्रार जुनी आहे. १६ डिसेंबर १८७७ रोजीं व्हिएन्ना येथें ब्रुकनर यांनीं आपली तिसरी सिंफनी स्वतः सादर केली, तेव्हां श्रोते एकामागून एक उठून गेले व अखेर मोजकेच उरले. त्या उरलेल्यांत सतरा वर्षांचे गुस्टाव्ह मालर होते. त्यांनीं पुढें एका मित्राच्या साह्यानें त्या कृतीचें पियानोवर वाजविण्याजोगें रूप सिद्ध केलें. आणि तालीम ऐकलेल्या थेओडोर रेटिग या प्रकाशकांनीं ती छापण्याचें पत्करलें. थांबलेल्यांनीं नुसती वाहवा केली नाहीं. ऐकलेल्या गोष्टीसाठीं हात झिजविले.

आतां यंत्राच्या शंकेविषयीं. तिसऱ्या भागाच्या अखेरीकडे अनेक विसंवादी स्वर एकदम कोसळतात आणि पाठोपाठ निःशब्द शांतता पसरते. तेथें यंत्र बिघडलें नव्हतें. ज्यांस तसें वाटलें त्यांनीं संकोच मानूं नये. कारण खुद्द ब्रुकनर यांचे शिष्य फर्डिनांड ल्योवे यांसहि तो स्वरसंघात सोसवला नाहीं. ११ फेब्रुवारी १९०३ रोजीं त्यांनीं ही सिंफनी प्रथम सादर केली, ती असे कठोर स्वर मऊ करून. मूळ कृति लोकांच्या कानीं पडण्यास २ एप्रिल १९३२ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशीं म्युनिक येथें सीगमुंड फॉन हाउसेगर यांनीं एकाच बैठकींत दोन्ही रूपें ऐकविलीं. मूळ रूपांत दुःखावर पांघरूण नाहीं, म्हणूनच त्यानंतर येणारी शांति खरी वाटते.

आपण ऐकलें तें हाउसेगर यांनीं म्युनिकच्या वाद्यवृंदाकडून १९३८ सालीं करविलेलें ध्वनिमुद्रण. तेव्हां तबकडीच्या एका बाजूवर चार-पांच मिनिटांचेंच संगीत मावे. श्रोता पुनःपुन्हां उठे, तबकडी उलटी, आणि तुटलेला धागा मनांतल्या मनांत जोडी. आपणांस तेंच संगीत सलग लाभलें. त्या श्रोत्यास ऐकणें हें काम होतें. आपणांस तें आयतें मिळतें, आणि आयतें मिळालेलें सहज हातून निसटतें.

राहिला प्रार्थनेचा प्रश्न. त्याच तिसऱ्या भागांत ब्रुकनर यांनीं १८६४ सालच्या आपल्या मिस्सा-संगीतांतील "आम्हांवर दया कर" या याचनेचे स्वर पुन्हां गुंफले आहेत. तोंडीं शब्द नाहीं, पण वाद्यांच्या पोटांत तो आहे. ज्यानें ती याचना आयुष्यभर गुडघे टेकून म्हटली, त्यास ती शब्दावांचूनहि ओळखूं येते.

यावरून कोणी म्हणेल, "मग मंदिरांतहि असें ध्वनिमुद्रणच कां न लावावें?" १९५८ सालीं रोमहून निघालेल्या पवित्र संगीताविषयींच्या सूचनापत्रानें उपासनाविधींत ग्रामोफोनसारख्या यंत्रांचें संगीत स्पष्टपणें निषिद्ध ठरविलें. आम्हांस त्यांतील मर्म असें दिसतें: यंत्र स्वर सांठवूं शकतें, पण श्रद्धा ठेवूं शकत नाहीं. सभागृहांत तें आपला मोलाचा पाहुणा आहे; वेदीपुढें मात्र जिवंत कंठच हवा, मग तो थोडा बेसूर कां असेना.

बंधुभगिनींनो, आज अनेक ठिकाणीं लग्नाच्या मिस्सांत पेटींतून गाणें येतें आणि बांकांवरील माणसें मुकीं राहतात. आपल्याहि गायकवृंदांतील जागा एकेक करून रित्या होत आहेत. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं या मंदिराच्या भिंती उभारल्या, त्यांनीं त्यांत आपले आवाजहि घातले. तेव्हां या सिंफनीविषयीं कोणाचें मत काय, हा वाद आतां पुरे. व्हिएन्नाचे ते मोजके श्रोते कृतीनें उत्तर देऊन गेले. आपणहि तसेंच उत्तर देऊं या: येत्या शनिवारच्या गायनसरावास प्रत्येक घरांतून निदान एक कंठ येवो, आणि ज्या दयाघनास ब्रुकनर यांनीं आपलें अपुरें काम वाहिलें, तो आपलेंहि अपुरें गाणें गोड मानून घेवो.