रिक्त पदे आणि तिसरी पायरी



विद्यापीठाची पदभरतीची जाहिरात प्रसिद्ध होते. सहायक प्राध्यापकापासून लिपिकापर्यंतची पदे आणि त्यांपुढे आरक्षणाचा तक्ता. त्यातील 'अनुसूचित जमाती' हा रकाना ज्यांच्यासाठी आहे, त्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ती जाहिरात किती पोहोचते, हा आजचा प्रश्न आहे.

या भूमीत शिक्षणाची पहिली पायरी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बांधली. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेले त्यांचे कार्य १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाकडे जावे, या विचारातून गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा उभी राहिली. दुसरी पायरी तलासरीच्या वसतिगृहाची. कल्याणचे नगराध्यक्षपद भूषविलेले माधवराव काणे सर्वस्व अर्पून तेथे राहिले. त्या संस्कारांत वाढलेले चिंतामण वनगा वकील झाले आणि १९९६, १९९९ व २०१४ साली लोकसभेवर निवडून गेले.

तिसरी पायरी विद्यापीठाची आहे आणि ती अद्याप अपुरी आहे.

पद रिक्त राहते, तेव्हा वर्ग थांबत नाही. तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडे तो सोपविला जातो. तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या त्या अध्यापकावर अन्याय होतोच, पण विद्यार्थ्याचीही हानी होते. शहरातील विद्यार्थी ती उणीव खासगी शिकवणीने भरून काढतो. तलासरीच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयातील अध्यापकाखेरीज दुसरा आधार नसतो. म्हणून पदे न भरण्यातून होणाऱ्या शासकीय बचतीची खरी किंमत तो मोजतो.

आरक्षणाची बिंदुनामावलीही समजून घेतली पाहिजे. केंद्रीय विद्यापीठांत विभाग हा घटक धरला, की जनजातींचा बिंदू चौदाव्या क्रमांकावर येई. लहान विभागात तो क्रमांक यायचा कधी? संसदेने २०१९ साली कायदा करून संपूर्ण संस्था हा घटक ठरविला. तो निर्णय न्याय्य होता. परंतु कायदा दार उघडतो. आत जाण्याची सिद्धता समाजाला करावी लागते.

सहायक प्राध्यापकपदासाठी सर्वसाधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे आवश्यक असते. पदव्युत्तर गुणांची अट ५५ टक्के, जनजातींसाठी ५० टक्के. राज्यात जनजातींसाठी आरक्षित पदाकरिता जात वैधता प्रमाणपत्र लागते. गुणवत्ता असूनही एका कागदाअभावी पात्र तरुण मागे राहिला, तर तो पराभव त्याच्या एकट्याचा नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे नेमके काम आहे. वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचा संपर्क बारावीनंतर तुटू देऊ नये. वैधता प्रमाणपत्राची कागदपत्रे महाविद्यालयीन वर्षांतच पूर्ण करून घ्यावीत. शहरातील निवृत्त प्राध्यापकांनी सुट्टीत तलासरीला मुक्काम करून सेटची तयारी करून घ्यावी. मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकेका पदव्युत्तर विद्यार्थ्याचे दोन वर्षांचे पालकत्व स्वीकारावे. शासनाकडे पदभरतीचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकारही अशा कामातूनच येतो.

वारली समाजाचे जीवन अभ्यासाचा विषय म्हणून विद्यापीठात केव्हाच पोहोचले आहे. त्याच समाजाचा तरुण अध्यापक म्हणून तेथील फळ्यापुढे उभा राहील, तेव्हा ही तिसरी पायरी बांधून पूर्ण होईल.