ट्रोपोनिनचा दुसरा आकडा

छातीत दुखू लागलं की आपल्याकडे आधी ओवा निघतो, मग सोडा, मग पित्ताची गोळी. त्यात तासभर सहज जातो. कॅज्युअल्टीत पोचल्यावर मात्र नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो. ‘डॉक्टर, ॲटॅक आहे का, एवढंच सांगा!’

याचं पहिलं उत्तर ईसीजी देतो. रुग्ण आत आल्यापासून दहा मिनिटांत तो निघालाच पाहिजे. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण त्यात दिसली, तर रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही, लगेच उपचार सुरू करायचे. पण ईसीजी नॉर्मल असूनही ॲटॅक असू शकतो. तिथे ट्रोपोनिन कामाला येतं.

हे स्नायूंमधलं प्रथिन. १९६०च्या दशकात जपानच्या सेत्सुरो एबाशींनी ते शोधलं. हृदयातला त्याचा प्रकार वेगळा असतो आणि हृदयाच्या पेशींना इजा झाली की तो रक्तात उतरतो. जर्मनीत ह्यूगो काटुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९मध्ये तो रक्तात मोजण्याची पद्धत मांडली. आजच्या अतिसंवेदनशील चाचण्या त्याचा अगदी सूक्ष्म अंशही टिपतात. त्यांच्याच भरवशावर युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५मध्ये एका तासाच्या अंतराने दोनदा रक्त तपासायची रीत सुचवली.

समजा, ट्रोपोनिन टी पहिल्यांदा आलं ८. नॉर्मलची वरची मर्यादा १४, म्हणजे घरच्यांचा जीव भांड्यात पडणार. तासाभराने आलं १६. मर्यादेच्या जेमतेम वर, पण तासात आठने चढलं! या रीतीत तासाभरात पाचने वाढ झाली तरी रुग्णाला दाखल करून घेतात. पहिला आकडा बारापेक्षा कमी आणि तासाभरातला फरक तीनपेक्षा कमी असेल, तर ॲटॅकची शक्यता फारच थोडी उरते. अर्थात डॉक्टर रुग्णाची लक्षणं आणि ईसीजीही पाहतातच.

लहान गावांत बऱ्याचदा कार्डवरची चाचणी असते. रक्ताचे थेंब टाकायचे, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. ‘सी’पाशी रेघ उमटली की कार्ड चालतंय, ‘टी’पाशीही उमटली की पॉझिटिव्ह. सोय मोठी आहे, पण दुखायला लागून तासच झाला असेल तर ‘टी’पाशी बहुधा काहीच दिसणार नाही. ते कोरं कार्ड पाहून रुग्णाला घरी नेणं मला फार धोक्याचं वाटतं. म्हणून ‘दुसरं रक्त कधी घेणार?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा, आणि तोवर हलू नका.

दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं, तेही सांगा. ‘सकाळपासून’ म्हणू नका, ‘पावणेसातला, दूध तापवताना’ असं सांगा. पहिल्या रिपोर्टचा अर्थ त्या वेळेवर ठरतो. किडनीच्या रुग्णांत ट्रोपोनिन एरवीही वाढलेलं असू शकतं, तेव्हा त्यांची जुनी फाइल हाताशी असू द्या. फाइल सापडत नसेल तर शोधत बसू नका, १०८ला फोन करा. फाइल मागाहून कुणीही आणून देईल.