उसाच्या बेटावरील दोन भाषांची शाळा

ऊस म्हणजे काय, हे हातकणंगले तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. असाच उसाने भरलेला एक देश हिंदी महासागरात आहे आणि तिथे मराठी माणसेही आहेत. तो देश म्हणजे मॉरिशस. आज मी तेथील उसाविषयी नव्हे, तर एका शाळेविषयी बोलणार आहे. मूल मराठीत शिकवावे, सेमी-इंग्रजीत घालावे, की सरळ इंग्रजीत, हा प्रश्न हल्ली आपल्या प्रत्येक पालकसभेत निघतो. त्या प्रश्नाशी या शाळेचे जवळचे नाते आहे.

१७१५ साली हे बेट फ्रेंचांनी ताब्यात घेतले. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पोर्ट लुई या राजधानीत एक विद्यालय निघाले. १८०३ नंतर गव्हर्नर दकाँ याने त्याला 'लिसे' म्हणजे फ्रेंच धर्तीच्या माध्यमिक शाळेचे रूप दिले. डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. शरण आलेल्या रहिवाशांना त्यांचा धर्म, कायदे आणि चालीरीती राखण्याचे वचन मिळाले. गव्हर्नर फार्कर याच्या अमदानीत विद्यालयाचे नाव 'रॉयल कॉलेज' झाले.

आता गंमत पाहा. पाटी बदलली, पण मुलांची तोंडे बदलली नाहीत! घरी-दारी फ्रेंचच चाले. १८४७ पासून वरिष्ठ न्यायालयांचा कारभार इंग्रजीत सुरू झाला, म्हणून नोकरीसाठी इंग्रजी हवी. समाजात वावरायला फ्रेंच हवी. अशा रीतीने शाळेत दोन्ही भाषा नांदू लागल्या. या रॉयल कॉलेजचा वारसा सांगणाऱ्या पोर्ट लुई आणि क्युरपीप येथील दोन शाळा आज नावाजलेल्या आहेत. देशाचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम क्युरपीपच्याच शाळेत शिकले.

पण उसाच्या मळ्यात राबणाऱ्यांच्या मुलांचे काय? १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे जाऊ लागले. मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसेही गेली. त्यांच्या घरात मराठी, शेजारी भोजपुरी आणि बाजारात क्रिओल, म्हणजे फ्रेंचपासून घडलेली तेथील बोली. अशा घरातले मूल शाळेत आले की पुस्तक उघडायचे ते इंग्रजी! त्या मुलाने करावे तरी काय?

तिथे उपयोगी पडला तो मास्तर. पुस्तक इंग्रजी असले, तरी तो समजावून सांगे क्रिओलमध्ये. १९५७ च्या कायद्यानेही तिसरीपर्यंत मुलाला सोयीच्या भाषेत शिकवण्याची मुभा ठेवली आणि चौथीपासून इंग्रजी माध्यम ठरवले. तरीसुद्धा प्राथमिक शाळेच्या अखेरच्या परीक्षेत पुष्कळ मुले नापास होत राहिली. १९७७ साली माध्यमिक शिक्षण मोफत झाले, दार उघडले. परंतु भाषेचा उंबरठा होताच. अखेर २०१२ साली क्रिओल हा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय झाला. मराठीला तिथे त्याआधीच जागा मिळाली होती. १९७० साली भारताच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचेही अध्यापन चालते.

श्रोतेहो, यातून आपण काय घ्यायचे? दोन भाषांची शाळा सरकारी हुकमाने निघते, पण ती चालते शिक्षकाच्या जिभेवर. ज्याच्या घरी दोन्ही भाषांचा वावर होता, त्याला रॉयल कॉलेज सोपे गेले. ज्याच्या घरी एकही नव्हती, तो मागे राहिला. दोघांच्या बुद्धीत फरक नव्हता, फरक होता तो पहिल्या पायरीत.

आपल्याकडेही सेमी-इंग्रजी वर्गात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असते. सीमेलगतच्या गावात तर काही मुलांची घरची भाषा कानडी असते. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, 'फ्रॅक्शन' हा शब्द फळ्यावर जरूर लिहा. पण त्याआधी भाकरीची चतकोर मुलाला दाखवा आणि 'ही भाकरीचा कितवा भाग?' हे त्याला त्याच्या बोलीत सांगू द्या. चतकोर कळलेल्या मुलाला 'फ्रॅक्शन' परके वाटत नाही. आणि पालकहो, शाळा निवडताना गणवेश पाहू नका, पाटीही पाहू नका. मुलाला अडले तर ते कोणत्या भाषेत विचारू शकेल आणि त्याला उत्तर कोण देईल, एवढे मात्र अवश्य विचारा.